डावं पुढचं चाक

केळं खात चौकात रस्ता ओलांडणारा तो माणूस आणि ट्रकचा बंपर यांच्यामध्ये जेमतेम हात घालायला जागा उरली होती. ट्रक थांबला, केबिनमधलं सगळं पुढे आलं, परत मागे गेलं. त्या माणसाने मान वळवून बंपरकडे पाहिलं, तोंडातला घास चावून संपवला आणि उरलेलं केळं हातात धरून पलीकडच्या फुटपाथवर चढला. शिवी नाही, हातवारे नाहीत, काही नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ट्रकवाल्यानेही दिली असती, दोघांनी एकमेकांच्या आयाबहिणी काढल्या असत्या आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. शहरातली माणसं अशीच मोकळी होतात. पण हा साला केळं खात निघून गेला, आणि जे झालं ते सगळं ट्रकवाल्याच्या अंगावर टाकून गेला. मागून हॉर्न वाजायला लागले. शेजारी बायको होती, मांडीवर शिवून झालेल्या पडद्यांचं गाठोडं. गाठोडं तिने पोटाशी घट्ट धरलं होतं, जसं काही तेच मरता मरता वाचलं होतं. ती म्हणाली, "ब्रेक लागला नाही का हो?" बुडत्याने काडी धरावी तसं त्याने ते वाक्य धरलं. "नाही लागला," तो म्हणाला. "पार खाली गेला पायाखाली." आणि हे खरं होतं. पायाखाली एक पेडल खाली गेलं होतं, मऊ, लोण्यात गेल्यासारखं, थेट केबिनच्या पत्र्याला टेकेपर्यंत. ट्रक थांबवला तो हाताने, हँडब्रेक ओढून. हाताचं त्याला पक्कं आठवत होतं. दांड्याचा कडकड आवाज, खांद्यातून निघालेली कळ, सगळं. पायाचं आठवत नव्हतं. ब्रेकचं तेल गळलं की ब्रेकचं पेडल असं मऊ खाली जातं. आणि क्लच तर रोजच असा मऊ खाली जातो.

हीच ती गोम. हे त्याने कोणाला सांगितलं नाही. सांगणार काय? की आयुष्यभर ट्रक हाकला आणि ऐन वेळी आपला कुठला पाय कुठल्या पेडलवर होता हे मला ठाऊक नाही? असं बोलणाऱ्या माणसाच्या ट्रकमध्ये कोणी आपलं कपाट ठेवील? तो घरं हलवायचा. लोक एका भाड्याच्या घरातून दुसऱ्या भाड्याच्या घरात जात, आणि त्यांच्या पलंगांचे सुटे पाय, गुंडाळलेल्या गाद्या, चादरीत बांधलेला टीव्ही आणि एखादी केबिनमध्ये बसायचा हट्ट धरणारी म्हातारी, हे सगळं तो इथून तिथे नेऊन टाकायचा. लोकांनी त्याच्यावर विश्वास टाकला तो त्याच्या तोंडाकडे बघून नाही, तोंड तसं विश्वास टाकण्यासारखं नव्हतंच. त्याच्या पायावर टाकला. म्हणून गाडी गॅरेजमध्ये न्यायची नाही हे त्याने त्या चौकातच ठरवलं. गॅरेजचा मिस्त्री आधी गाडी चालवून बघणार, मग आपल्याकडे बघणार, आणि मग विचारणार, "ब्रेक तर लागतोय की, उस्ताद. झालं काय नेमकं?" कारण तीच तर खोच होती. चौकातून घरी येईपर्यंत ब्रेक लागत होता. थोडा उशिरा, थोडा एका अंगाला ओढत, पण लागत होता. तेलाच्या डबीत तेल कमी होतं, मात्र ट्रक न थांबण्याइतकं कमी होतं का, हे त्या डबीकडे बघून देवालाही सांगता आलं नसतं. चाकं उघडल्याशिवाय कळणार नव्हतं. आत ब्रेकचं लायनर झिजलेलं, तेलाने भिजलेलं निघालं, तर दोष ब्रेकचा. सगळं ठाकठीक निघालं, तर दोष त्याच्या डोक्याचा. इतकं ते सरळ होतं, आणि इतकं सरळ असल्यामुळेच त्याला रात्री झोप नव्हती.

घरामागे भिंतीपर्यंत मोकळी जागा होती, वर अर्धा पत्रा. तिथे ट्रक आडवा लावला की कपडे वाळत घालायची दोरी काढावी लागे आणि बायको कुरकुर करी. काल त्याने मागची दोन्ही चाकं उघडली. लायनर चांगलं, जाड, कोरडं. मग पुढचं उजवं उघडलं. तेही तसंच. खुनाच्या खटल्यात एकेक साक्षीदार येऊन आपल्याविरुद्ध बोलावा आणि आपण त्याला पाणी देऊन बसवावं, तसं त्याने प्रत्येक ड्रम पुसून परत बसवला. आता उरलं डावं पुढचं. आणि ते उघडेना.

सकाळपासून तो त्या चाकाच्या नटांशी झोंबत होता. जॅक लावला होता, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे दिले होते, नटांना डिझेल पाजलं होतं, हातोडीने कडेकडेने ठोकलं होतं. गंजाचा वास नाकात बसला होता, जिभेवर पैसा ठेवल्यासारखा. पाना लावून जोर केला की नट ढिम्म हलायचा नाही, नुसता पानाच हातात थरथरायचा, आणि ती थरथर कोपरातून चढून दातांपर्यंत यायची. जोर कुठल्या बाजूला करायचा याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. या जुन्या ट्रकांना डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात, म्हणजे चाक पुढे पळताना नट आपोआप सैल व्हायला नकोत. साऱ्या जगाचे नट जिकडे फिरवल्यावर आवळतात, तिकडे हे फिरवले की सुटतात. नवशिका इथेच फसतो. डाव्या चाकाशी बसतो, सवयीने फिरवतो आणि सोडवायचं सोडून आवळत बसतो, आणि चार माणसं भोवती उभी राहून हसतात. ट्रकवाला असा हसणाऱ्यांत होता, हसं करून घेणाऱ्यांत कधीच नाही. कालच मागचं डावं त्याने उलट फिरवून उघडलं होतं, लोण्यासारखं. मग हे पुढचं का सुटत नाही? एकाच गाडीचं, एकाच बाजूचं, एकाच पावसात भिजलेलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण इतका पीळ?

त्याने पान्याच्या दांड्यात मेव्हण्याचा लोखंडी पाइप अडकवला. मेव्हणा नळकाम करायचा, त्याचे उरलेसुरले पाइप इथे भिंतीला टेकून असत, आणि त्यावरून बायको भावाला आणि नवऱ्याला आळीपाळीने बोलत असे. दांडा लांब झाला की जोर वाढतो. ट्रकवाला पाइपच्या टोकावर उभा राहिला, पत्र्याच्या खांबाला धरून, आणि अंगाचं सगळं वजन टाकून हबके द्यायला लागला. पहिल्या नटाने "कर्र" केलं. हलला! केसभर हलला. त्या केसभराने त्याला इतका आनंद झाला की तो पुटपुटला, "ये, ये, माझ्या राजा." दुसऱ्या हबक्याला नट आणखी केसभर फिरला. आणि तिसऱ्याला बंदुकीसारखा आवाज झाला, पायाखालचा आधार गेला आणि तो कुल्ल्यावर आपटला. नट पान्यातच अडकून खाली पडला होता, आणि नटाच्या आत स्टड, म्हणजे तो नट ज्यावर बसतो त्या बोल्टचा तुटका तुकडा, चकचकीत, करड्या तोंडाचा, दात पडल्यासारखा.

आतून शिलाईच्या मशिनचा आवाज थांबला. "काय पडलं?" बायको ओरडली.

"काही नाही!"

"काही नाही ते एवढं वाजतं?"

"मी पडलो. झालं समाधान?"

मशिन पुन्हा चालू झालं. तो उठला नाही. जमीन गार होती आणि तिथून चाक वेगळं दिसत होतं, मोठं, काळं, आणि मधोमध त्या नटांचं गोल रिंगण, एका जागी भगदाड. आता त्याच्या मनात पहिल्यांदा तो प्रश्न आला, आणि यायला नको होता. डावं कुठलं? म्हणजे गाडीचं डावं. आपण चाकाकडे तोंड करून बसलोय, गाडीचं तोंड भिंतीकडे आहे, म्हणजे स्टेअरिंगवर बसलं तर हे... त्याने हवेत हात धरून स्टेअरिंग पकडल्यासारखं केलं. डावं. हे डावंच. मग सोडवायचं म्हणजे... त्याने हवेतच नट फिरवला. हात एका बाजूला गेला. मग "सोडवणे" हा शब्द त्याने मनात म्हटला आणि पुन्हा फिरवला, तर हात दुसऱ्या बाजूला गेला. त्याने डोळे मिटून पाण्याची बाटली उघडतो तसं करून बघितलं. मग दिव्याचा बल्ब. बल्ब काढताना कसा फिरवतात? आयुष्यभर हजार बल्ब काढले असतील, आणि आता बोटं हवेत नुसती थांबली, पाठ केलेलं विसरलेल्या पोरासारखी. जी गोष्ट हाताला येते ती डोक्याला विचारू नये, डोकं नासवतं. पण एकदा विचारली की परत हातात घालायची कशी, हे कोणी सांगत नाही.

कोणीही म्हणेल, अरे बाबा, एकदा दुसऱ्या बाजूला फिरवून बघ की. शेंबडं पोर हेच करील. नट आहे तो, दोनच बाजू त्याला. आणि नेमकं हेच ट्रकवाला करणार नव्हता. जीव गेला तरी करणार नव्हता. कारण त्याच्या बापाचं असंच सुरू झालं होतं.

बाप कारखान्यात लेथवर आटे पाडायचा. जाडे, बारीक, उलटे, सुलटे, पाइपाचे, पंपाचे, तो नुसता नख फिरवून सांगायचा की हा बोल्ट कुठल्या नटाचा. घरात एकही झाकण त्याने कधी जोर लावून उघडलं नाही, हात लावला की उघडायचं. आणि एका दुपारी तो हात धुवायला मोरीत गेला आणि नळ बंद होईना म्हणून ओरडायला लागला. नळ बिघडलेला नव्हता. बाप तो उघडत होता, मग थोडा मिटत होता, मग पुन्हा उघडत होता, इकडे फिरवून बघ, तिकडे फिरवून बघ, आणि पाणी भळभळ बाहेर, मोरीबाहेर, स्वयंपाकघरात. सगळे हसले. धाकटी वहिनी तर पदर तोंडात कोंबून हसली. "आख्ख्या कारखान्याला आटे पुरवले आणि नळाने आटापिटा करायला लावला," कोणीतरी म्हणालं, आणि बापही हसला. सगळ्यांत मोठ्याने बाप हसला. त्यानंतर वर्षभर तो तसाच हसत राहिला. चप्पल उलटी घातली की हसायचा, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारली की हसायचा, लोक हसायच्या आधी हसायचा. ट्रकवाल्याला तेव्हा बापाचा राग यायचा. काय लेका, वेड लागलंय आणि खिदळतोयस. एकदा तर तो बापावर ओरडलाही होता, "हसताय काय!" आणि बापाने तत्काळ तोंड मिटलं होतं, नळ मिटला नव्हता तसं, एका झटक्यात, आणि भीतीने त्याच्याकडे पाहिलं होतं. ती नजर त्याला अजून कधीकधी आरशात दाढी करताना येऊन भेटायची. तेव्हा, इकडे-तिकडे फिरवून बघणं हे बापाचं काम. आपण इकडे-तिकडे करणार नाही. डावं चाक, उलटे आटे, एकच बाजू. गंज आहे तर गंजाशी लढू.

डॉक्टरकडे जावं असं मनात आलं होतं, नाही असं नाही. पण डॉक्टर काय करतो? आज वार कुठला विचारतो. शंभरातून सात वजा करत जा म्हणतो. ट्रकवाल्याला शाळेतच ते येत नव्हतं, तेव्हा कोणी डोकं तपासलं नाही. शिवाय तिथे गेलं की बाहेर बाकावर बायको येऊन बसणार, हातात पर्स घेऊन, नवऱ्याचा निकाल ऐकायला. त्यापेक्षा हे चाक बरं. चाकात काय असेल ते असेल, ते लोखंडाचं असेल. हातात धरता येईल. फक्त उघडलं पाहिजे. आणि इथे मनात अशी गंमत होत होती की तो दुसऱ्या नटावर पाइप अडकवताना उघड, उघड म्हणत होता, आणि आतून कोणीतरी म्हणत होतं, नको उघडू, राहू दे असंच, जोवर हे मिटलेलं आहे तोवर तू शहाणा आहेस.

बायको चहा घेऊन आली. गळ्यात मापाची टेप, खांद्यावर दोऱ्याचे तुकडे. तुटक्या स्टडसकट पडलेला नट तिने पायाने उलटा केला. "हे तुटलं?"

"गंजलंय."

"काल तीन चाकं निघाली ना पटापट."

"काल निघाली. आज नाही निघत. काय करू, पूजा घालू?"

"माझ्यावर कशाला ओरडताय? मी आवळलं का ते?" तिने चहा ठोकळ्यावर ठेवला. मग जरा थांबून, दुसरीकडे बघत म्हणाली, "गॅरेजमध्ये दिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"गॅरेजवाले चोर आहेत."

"सगळं जग चोर आहे. तुम्ही आणि हे चाक, दोघंच साव." ती वळली आणि दारात पुन्हा थांबली. तिला काहीतरी विचारायचं होतं, हे त्याला तिच्या पाठीवरून कळलं. लग्नाला इतकी वर्षं झाली की पाठही बोलते. चौकात तिचं लक्ष समोर होतं की खाली होतं? तिने त्याचे पाय पाहिले का? ब्रेक लागला नाही का, हे वाक्य तिने खरंच विचारलं होतं, की त्याला आधार म्हणून पुढे केलं होतं, घसरलेल्या माणसाला हात देतात तसं? विचारावं का तिला? पण विचारलं की तीही विचारणार. ती आत गेली. चहा तसाच ठेवून तो पुन्हा पाइपवर चढला.

दुसऱ्या नटाशी तो जुंपलेला असताना मेव्हणा आला. हातात नळकामाची पिशवी, शर्टाला पांढरं सिमेंट, कुठलं तरी काम अर्धं टाकून आलेला, कारण अर्धी कामं टाकणं हा त्याचा धंदाच होता. तो येऊन मागे उभा राहिला. ट्रकवाला पाइपवर चढून हबके देत होता, मानेच्या शिरा फुगलेल्या, तोंडाने ह्या, ह्या करत. मेव्हण्याने दोन हबके बघितले.

"दाजी, आवळताय की सोडवताय?"

"गप बस, नळोबा. डावं चाक आहे. उलटे आटे. तुमच्या मोरीच्या नळासारखं नाही हे."

"अहो पण..."

"पण काय पण? यायचं तर ये, या टोकाला लटक. दोघांच्या वजनाने सुटेल."

मेव्हणा हसायला लागला. आधी नाकातून, मग पोट धरून. "दाजी, थट्टा करताय ना? या चाकाच्या मागे उजव्या बाजूचा हब आहे की, बोल्टांसकट. तुम्हीच तर बसवलात. गेल्या उन्हाळ्यात. आपण दोघं भंगारात गेलो होतो नाही का, डावा मिळेना, तर तुम्ही म्हणालात, उजवाच घे, आटे सुलटे येतील, नट जरा जास्त आवळू, काय फरक पडतो. मी इथेच पकडून उभा होतो, माझ्या अंगठ्यावर आपटला होतात हातोडा. हे बघा, नख अजून वाकडं आहे." आणि त्याने अंगठा पुढे केला. नख वाकडं होतं, मधोमध एक काळी रेघ. "वर पिवळा रंगही फासला होतात. म्हणालात, म्हातारपणी विसरलो तर असू दे." मेव्हणा वाकला, हबच्या मधल्या टोपीवरचा चिखल बोटाने खरवडला, आणि खाली पिवळं दिसलं. त्याने आणखी खरवडलं. आणखी पिवळं.

ट्रकवाला पाइपवरून खाली उतरला. त्याने पिवळ्या रंगाकडे पाहिलं. मग अंगठ्याकडे. आपण आता शोधायला हवं, असं त्याला वाटलं, जसं खिशात किल्ली शोधतात. गेला उन्हाळा. उन्हाळा होता, हे बरोबर. भंगाराचं दुकान त्याला माहीत होतं, तिथला कुत्रा, पत्र्याचे डोंगर, मालकाचं फुटकं घड्याळ. पण ते दुकान म्हणजे नेहमीचं दुकान, त्यात तो दिवस नव्हता. हातोडा नव्हता. मेव्हण्याची किंकाळी नव्हती. पिवळ्या रंगाचा डबा, ब्रश, वास, काही नाही. भिंतीवरून कॅलेंडर काढल्यावर जो चौकोन राहतो तोही नव्हता, नुसती भिंत. आणि या भिंतीसमोर उभं राहून तो काय करता झाला? तो हसला. "लेका, बघत होतो तुला आठवतं का ते," असं म्हणाला आणि हसला, चांगला मोठ्याने, मेव्हण्यापेक्षा मोठ्याने. हसता हसता त्याला आपला आवाज ऐकू आला आणि तो कोणाचा आहे हे कळलं. वर्षभर ऐकला होता तो आवाज, मोरीत, अंगणात, जेवताना. बाप आनंदाने हसत नव्हता. आपलं विसरणं लोकांना कळू नये म्हणून दार लावून घेत होता, आणि आपण त्या दारावर ओरडलो होतो.

"एक स्टड तोडलात की खेळात," मेव्हणा म्हणाला. "महागाचा खेळ आहे तुमचा." त्याने पाइप उचलला, दुसऱ्या बाजूला फिरवून लावला आणि एका हाताने खाली दाबला. नट रडल्यासारखा आवाज करून सुटला. मग पुढचा. मग पुढचा. ट्रकवाल्याने दिवसभर जे आवळलं होतं ते मेव्हणा शीळ घालत सोडवत होता. ट्रकवाला नट गोळा करत होता, तेवढं काम त्याला उरलं होतं. नट गरम झाले होते. एकदा त्याला वाटलं, मेव्हणा खोटं बोलतोय. कुठून तरी पिवळा रंग आणला, नख दाराच्या फटीत चेंगरलं असेल. सगळे मिळून आपल्याला वेडं ठरवतायत. हे वाटलं आणि त्याच क्षणी त्याला आठवलं की बापही शेवटी असंच म्हणायचा, माझी चप्पल कोणीतरी बदलली. मग त्याला काय वाटून घ्यावं तेच कळेना. विश्वास ठेवावा तर डोकं गेलं, न ठेवावा तर डोकं गेलं.

चाक निघालं. दोघांनी ते जमिनीवर आडवं टाकलं. मग मेव्हण्याने हातोडीने ड्रमच्या कडेवर गोल गोल ठोके घातले, ड्रम एकदा चिकटला, एकदा कण्हला, आणि बाहेर आला. आतून काळं, दाट तेल ओघळून जमिनीवर पडलं. लायनर पार झिजलेलं, रिव्हेटची टोकं उघडी पडलेली, आणि सगळं कसं तेलात न्हालेलं. ड्रमच्या आतल्या अंगाला रिव्हेटांनी ओरखडे काढले होते, नांगरल्यासारखे.

"आयला!" मेव्हणा ओरडला. "ताई! ए ताई, बाहेर ये!"

मशिन थांबलं. बायको धावत आली, एका हातात कात्री तशीच.

"हे बघ. हात लाव. लाव की, तेल आहे, विंचू नाही. आतला सील फुटलाय, ब्रेक लागणारच नाही. काय लागणार, डोंबल! दाजींची काही म्हणता काही चूक नाही. उलट ट्रक थांबवला कसा या माणसाने, तेच मोठं."

बायकोने खरंच हात लावला. बोटाला लागलेलं काळं तेल तिने नाकाशी नेलं, जसं काही वासावरून खरं-खोटं कळणार होतं. मग तिचा चेहरा असा सैल झाला की ट्रकवाल्याला बघवेना. दोन दिवस तिने तो चेहरा कशाने बांधून ठेवला होता हे त्याला आत्ता कळलं. म्हणजे तीही मोजत होती. तिनेही साक्षीदार तपासले होते, काल, शिलाई करता करता, एकेक चाक उघडल्याचा आवाज ऐकत. "मी म्हणतच होते," ती म्हणाली आणि तिचा आवाज चिरकला. "मी तेव्हाच म्हटलं की ब्रेक लागला नाही. म्हटलं की नाही? आणि तुम्ही आपले दोन दिवस तोंडाला कुलूप लावून..." ती हसली, डोळे पुसले, गालाला तेल लागलं. "थांबा, खायला करते काहीतरी. धाकट्या, तू जाऊ नकोस."

झालं. सुटका झाली होती. निकाल लागला होता, तोही लोखंडाचा, हातात धरता येईल असा, त्याला हवा होता तसा. आता नुसतं गप्प बसायचं होतं. हो म्हणायचं, गॅरेजवाल्यांना चार शिव्या घालायच्या, नवं लायनर, नवा सील, एक नवा स्टड, आणि परवा पुन्हा कोणाची तरी कपाटं, कोणाची तरी म्हातारी केबिनमध्ये. चौकात पाय कुठे होता हे आता कोणी विचारणार नव्हतं. ब्रेक नादुरुस्त होता. पाय त्यावर असता तरी पेडल खाली गेलंच असतं. आणि पाय क्लचवर असता तरी गेलंच असतं. ड्रममधलं तेल दोन्हीबद्दल काहीच सांगत नव्हतं, ते नुसतं टपटप गळत होतं. एवढं सगळं उघडून शेवटी तो तिथेच होता, चौकात, आणि समोर तो केळं खाणारा माणूस. इतका राग आला त्याला. कोणाचा ते कळेना. लायनरचा, की आपल्याला इतक्या सहज सोडून दिल्याबद्दल या दोघांचा.

"तो हब," तो म्हणाला.

बायको दारात होती. मेव्हणा चिंधीला हात पुसत होता. "काय म्हणालात?"

"हब मी बसवलेला मला आठवत नाही."

मेव्हणा हसला. "अहो दाजी, मला काल काय खाल्लं ते आठवत नाही. सकाळी एकाच्या घरी पाण्याचा मेन बंद न करता पाइप कापला, त्याच्या दिवाणखान्यात..."

"हसू नकोस." तो ओरडला नाही. ओरडता आलं असतं, तर सोपं गेलं असतं. "मघाशी मी हसलो ते खोटं होतं. मी तुझी परीक्षा घेत नव्हतो. मला ते आठवत नाही. तुझा अंगठा आठवत नाही. रंग आठवत नाही. तो दिवसच नाहीये माझ्याकडे. मी दिवसभर हे नट आवळत होतो आणि मला वाटत होतं सोडवतोय."

मेव्हण्याची चिंधी हातातच राहिली. तो बहिणीकडे बघायला लागला, मग पिशवीकडे, मग ड्रमकडे, जसं काही यातलं कुठलं तरी एक त्याला उत्तर देईल. "ऊन लागलं असेल," तो पुटपुटला. मग तो म्हणाला, "मी जरा स्टड बघून येतो दुकानात," आणि पिशवी तिथेच टाकून गेला.

बायको आली नाही, गेलीही नाही. मग तिने कात्री खिडकीत ठेवली आणि पायऱ्या उतरून आली. "आणि परवा?" तिने विचारलं. "पाय?"

"माहीत नाही."

"ब्रेक तर खराब होता."

"ब्रेक खराब होता. पायाचं माहीत नाही."

ती उभी राहिली. त्याला वाटलं, आता रडेल, किंवा आता ओरडेल की एवढं झालं तर परवा पडद्यांसकट मला मारायलाच नेत होतात की काय, आणि ते बरोबरच झालं असतं. तिने यातलं काही केलं नाही. जमिनीवर आडव्या पडलेल्या चाकावर, टायरच्या कडेवर, ती बसली. तिथे बसल्यावर साडीला काळं लागणार हे तिला ठाऊक होतं. इतकी वर्षं याच कारणासाठी ती या बाजूला फिरकायची नाही. तिने थोडं सरकून त्याला जागा केली. तो बसला. टायर दोघांच्या वजनाने दबला. समोर उघडा हब, त्यावरचा पिवळा डाग, आणि तेल अजून गळत होतं, पण आता सावकाश.

"सांगा," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"आठवत नाही ते. सगळं सांगा. कधीपासून, काय काय."

आठवत नाही ते माणूस सांगणार कसं, असं विचारायला त्याने तोंड उघडलं, आणि सांगायला लागला.